कसब कुणाचं?

गाणाऱ्या गळ्याला आपण बिनदिक्कत दैवी म्हणतो. लता मंगेशकरांच्या आवाजाबद्दल बोलताना देवाचं नाव घेतल्याशिवाय मराठी माणसाचं समाधान होत नाही. कवीची प्रतिभा, चित्रकाराची रेषा, गणितज्ञाची बुद्धी यांनाही तो मान सहज मिळतो. पण ओळंबा धरण्याआधीच भिंत कलल्याचं ओळखणारा गवंडी, इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड कुठे आहे ते सांगणारा मेकॅनिक, परातीत पिठाचा गोळा फिरवत एकसारख्या जाडीची भाकरी थापणारी बाई, पाठीवर पोतं घेऊन हलत्या फळीवरून ट्रकमध्ये चढणारा हमाल, यांच्याविषयी बोलताना आपल्याला देव आठवत नाही. तिथे आपण म्हणतो, 'सवयीनं येतं', 'रोजचंच काम आहे त्याचं'. देवाच्या देणग्यांची ही वाटणी देवाने केलेली नाही, आपण केलेली आहे. माझं म्हणणं असं की हातातलं कसब आणि अंगातलं बळ ही गळ्याइतकीच आणि बुद्धीइतकीच देवाची देणगी आहे. आणि हे मनापासून मानलं तर त्यातून नुसती नम्रता येत नाही, काही बंधनंही येतात. ज्याच्याकडे ही देणगी आहे त्याच्यावर ती येतात, आणि त्याहून जास्त, जो ती वापरून घेतो त्याच्यावर येतात.

ही कल्पना नवी नाही. बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकात एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाचा एक कारागीर भेटतो. मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक रानात तळ देऊन आहेत, त्यांना देवासाठी निवासमंडप उभारायचा आहे. त्या वेळी देव मोशेला सांगतो की बसालेलाला मी माझ्या आत्म्याने भरलं आहे. कशासाठी? सोनं, रुपं आणि पितळ घडवायला, रत्नांना पैलू पाडायला, लाकूड कोरायला. भविष्य सांगण्यासाठी नव्हे, राज्य चालवण्यासाठी नव्हे. त्याच्या जोडीला अहलियाब दिला जातो, आणि पुढे पस्तिसाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट येते जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: या दोघांना दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही देवानेच दिली. त्याच अध्यायात बकऱ्याच्या केसांचं सूत कातणाऱ्या बायका आहेत. त्यांची नावं कोणी नोंदवली नाहीत, पण त्यांच्या हातातल्या कौशल्याची नोंद मात्र त्याच आदराने झाली आहे. देवाचा आत्मा आणि टकळी एकाच प्रकरणात येतात, आणि त्या ग्रंथाला त्यात काही विसंगत वाटत नाही. कुराणातही दाऊदला लोखंड मऊ करून दिल्याचं आणि चिलखत बनवण्याची विद्या शिकवल्याचं येतं. लोहाराचं काम थेट देवाकडून शिकण्यासारखं आहे, हे तिथेही कोणाला वावगं वाटलं नाही.

आपल्याकडे तर हे जगून दाखवणारी माणसं होऊन गेली. गीतेच्या अठराव्या अध्यायात आपापल्या कर्मानेच ईश्वराची पूजा करावी असा विचार आहे. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये तो मराठीत आणला तेव्हा कर्मांची फुलं करून ती देवाला वाहण्याची कल्पना त्यांनी मांडली. ही कल्पना पोथीत राहिली नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत अशी परंपरा आहे, आणि आजही पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला सावतोबांच्या भेटीला जाते. तेरचे गोरा कुंभार माती तुडवत होते, नरहरी सोनार दागिने घडवत होते, सेना महाराज हजामत करत होते, आणि यांपैकी कोणीही भक्तीसाठी धंदा सोडला नाही. उलट धोपटी, ऐरण, मूस, मोट हे सगळं त्यांच्या अध्यात्मात आलं. जनाबाईंबरोबर विठ्ठल दळायला बसतो ही कथा घराघरांत सांगितली जाते. ती ऐकताना आपण विठ्ठलाच्या प्रेमाचं कौतुक करतो आणि दळणाकडे लक्ष देत नाही. पण ज्या कामाला देव स्वतः हात लावतो ते काम हलकं कसं राहील? वारकरी संतांनी हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे.

श्रद्धेच्या साक्षीवर ज्याचं समाधान होत नाही त्याने मिरजेला जाऊन तंबोरा कसा तयार होतो ते बघावं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो, दांडी तुणीच्या लाकडाची होते, कोरीव काम चढतं, पॉलिश होतं. इथवरच्या प्रत्येक गोष्टीचं माप सांगता येतं. मग राहते ती जवारी. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता असतो, आणि कानस फिरवून तो उतार असा साधायचा असतो की तार घोडीला नेमक्या लांबीवर हलकेच चाटत राहील. तेव्हा त्या तारेतून एकाच स्वराऐवजी स्वरांचा पुंजका उमटतो. कानस एक हात जास्त फिरली तर आवाज बसतो. हे किती घासायचं, कुठे थांबायचं, हे जवारी काढणाऱ्याला विचारलं तर तो घासून दाखवतो, सांगू शकत नाही. त्याचा कान बोटांना आज्ञा देतो आणि मधे शब्द येतच नाहीत. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. ते एवढे मोठे गवई असून वाद्यदुरुस्तीत आणि जवारीतही जाणकार होते. त्यांच्या गळ्याला दैवी म्हणायचं आणि त्यांच्याच हातातल्या कानशीला सवय म्हणायचं, हे कोणत्या हिशेबात बसतं?

मोठ्या कारागिराला आपल्या कामाविषयी काय वाटतं, याचा एक जुना दाखला वेरूळचा आहे. तिथलं कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात खोदलं गेलं. ते वरून खाली कोरलं आहे, आणि म्हणून तिथे चुकीला माफी नव्हती, कारण उडालेला दगड परत बसवता येत नाही. नवव्या शतकाच्या सुरुवातीच्या बडोद्याच्या ताम्रपटात या मंदिराचं वर्णन येतं. काम पुरं झाल्यावर ते घडवणारा शिल्पी स्वतःच थक्क झाला, हे आपल्याकडून झालं तरी कसं असं त्याला वाटलं आणि असं पुन्हा जमेल की नाही याची त्याला खात्री उरली नाही, असं तो लेख सांगतो. ताम्रपट लिहिणारा दरबारी कवी होता आणि अतिशयोक्ती करणं हे त्याचं कामच होतं, हे मला मान्य आहे. पण त्याला स्तुतीच करायची होती तर शिल्प्याच्या अभिमानाची करता आली असती. त्याने आश्चर्य निवडलं. चांगलं काम करणाऱ्या माणसांना हे आश्चर्य ओळखीचं असतं. काम आपल्या हातून झालं हे त्यांना ठाऊक असतं, पण ते सगळंच्या सगळं आपलं आहे असं म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही. त्या शिल्प्याचं नाव आज आपल्याला माहीत नाही. आणि वेरूळच्या ज्या दहाव्या लेण्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात त्याचं दुसरं नाव विश्वकर्मा लेणं असं आहे. लाकडाची वाटावी अशी दगडाची कमान पाहून लोकांनी ते काम देवांच्या कारागिराच्या नावावर जमा केलं.

आता पहिला आक्षेप. कसब मेहनतीने येतं, देव त्यात आणता कशाला? हा आक्षेप पोकळ नाही. 1993 मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमध्ये व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात सर्वोत्तम विद्यार्थ्यांनी विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांच्या घरात सराव केलेला आढळला. त्यावरून पुढे दहा हजार तासांचा मंत्रच तयार झाला. कसबी माणसालाही 'देवाने दिलं' हे ऐकताना कधीकधी राग येतो, कारण त्यात त्याच्या रात्री आणि त्याच्या बोटांवरचे घट्टे पुसले जातात. हा राग मी योग्य मानतो. पण देणगी आणि मेहनत या एकमेकींच्या वैरिणी नाहीत. दहा हजार तास बसता येण्यासाठी धडधाकट शरीर लागतं, शिकवणारा लागतो, दोन वेळचं जेवण कोणीतरी रांधून द्यावं लागतं, आणि मुळात एकदा केलेली हालचाल लक्षात ठेवणारे स्नायू आणि मेंदू लागतो. माणसाच्या मेंदूत हालचालींवर हुकूम चालवणारा जो पट्टा आहे त्यात हाताने आणि बोटांनी त्यांच्या आकाराच्या मानाने कितीतरी मोठी जागा घेतली आहे. ही जागा कोणा सुताराने मेहनतीने मिळवलेली नाही. मेहनत बी रुजवते, पाणी घालते, राखण करते. बियाणं तिने केलेलं नसतं. म्हणून मेहनतीचं श्रेय पुरतं मेहनत करणाऱ्याला द्यावं, आणि तरीही जे उरतं त्याबद्दल हात जोडावेत.

दुसरा आक्षेप याहून फार गंभीर आहे, आणि मराठी माणसाने तो टाळून पुढे जाणं म्हणजे अप्रामाणिकपणा होईल. 'काम देवाने दिलं' हे वाक्य आपल्या समाजात बेडीसारखं वापरलं गेलं आहे. ज्याला मेलेली ढोरं ओढायला लावली त्याला सांगितलं गेलं, की हेच तुझं देवाने नेमलेलं काम. ज्या अठराव्या अध्यायात कर्माने पूजा करण्याचा विचार आहे, त्याच अध्यायाचा आधार घेऊन जन्माने आलेलं काम सोडू नये असंही शतकानुशतकं बजावलं गेलं. चोखामेळ्यांचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली सापडून 1338 मध्ये त्यांचा अंत झाला. गावाला भिंत बांधायला त्यांचे हात चालत होते, पण विठ्ठलाच्या देवळात जायला त्यांचे पाय चालत नव्हते. त्यांची समाधी महाद्वारापाशी, बाहेर झाली. पंढरपूरचं देऊळ त्यांच्या समाजाला खुलं व्हायला 1947 साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. हा इतिहास समोर असताना श्रमाच्या दैवीपणाविषयी गोड बोलणाऱ्याकडे कोणी संशयाने पाहिलं तर चूक त्याची नाही.

पण या आक्षेपाचं उत्तर देणगीच्या कल्पनेतच आहे. कसब देवाने द्यायचं असेल तर ते तो माणसाला देतो, जातीला देत नाही. कोणाच्या हातात काय आहे हे जन्माच्या दाखल्यावर लिहिलेलं नसतं, ते शोधावं लागतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 च्या आपल्या जातिनिर्मूलनाच्या निबंधात जातिव्यवस्थेवर जे घाव घातले त्यांतला एक नेमका इथे बसतो. ही व्यवस्था कामांची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांची वाटणी करते, आणि ती वाटणी माणसाची कुवत पाहून नव्हे, आईबापांची पायरी पाहून होते, असं त्यांनी दाखवून दिलं. श्रद्धेच्या भाषेत याचा अर्थ असा होतो की जातीने देवाच्या देणगीचा अव्हेर केला. लोहाराच्या घरी गणिती जन्मला असेल, भटाच्या घरी सुतार जन्मला असेल. दोघांच्याही देणग्या आपण जाळून टाकल्या. उलट, दार थोडं उघडलं की काय होतं याचा पुरावा पुन्हा मिरजेतच आहे. तंबोरे आणि सतारी करणारी तिथली घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे तलवारींना धार आणि झिलई देणाऱ्यांची. इंग्रजी अमलात हत्यारांचा धंदा बसला, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब सितारमेकरांसारख्या माणसांनी वाद्यं हाती घेतली. पोलादाची जाण असलेला हात लाकडाकडे आणि तारेकडे वळला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते त्या वळणामुळे. त्यांना कोणी 'तुमचं नेमलेलं काम धार लावायचं' असं सांगून अडवलं असतं, तर आपल्या किती मैफली मुक्या राहिल्या असत्या! आणि जिथे कसब लागत नाही, नुसती लाचारी लागते, त्या कामाला देणगी म्हणणं हे पाप आहे. माणसाने हाताने मैला उचलण्याला कायद्याने 1993 मध्ये आणि पुन्हा 2013 मध्ये बंदी घातली, तरी गटारात गुदमरून माणसं मरतात. तिथे अध्यात्माची भाषा कोणीही वापरू नये. तिथे यंत्र पाठवावं.

बळाची गोष्ट कसबाहून थोडी वेगळी आहे. कसब वयाबरोबर पिकतं, बळ येतं आणि जातं. म्हणूनच ते आपलं नाही हे बळाच्या बाबतीत जास्त स्पष्ट दिसतं. गीतेत बलवानांचं आसक्तीविरहित बळ ते मीच, असं श्रीकृष्ण सांगतात, आणि ती अट महत्त्वाची आहे. आपल्या तालमीत मारुती असतो, आणि पैलवान आखाड्यात उतरताना तांबडी माती कपाळाला लावतो. त्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून ती मऊ केलेली असते. म्हणजे पैलवानाच्या बळाखालीही दुसऱ्या कोणाचे तरी कष्ट अंथरलेले असतात. खाशाबा जाधवांकडे पाहावं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा 1952 मध्ये हेलसिंकीला गेला आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आला. बळ त्यांचं होतं, डाव त्यांचे होते. पण जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मला हे प्राचार्य खाशाबांइतकेच या विषयातले अधिकारी पुरुष वाटतात. समोरच्या मुलाच्या अंगात जे आहे ते फुकट जाऊ देण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे त्यांना कळलं होतं. देशाला ते इतकं कळलं नाही. पुढचं वैयक्तिक पदक यायला 1996 उजाडलं, आणि खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

मग ज्याला बळ मिळालंच नाही त्याचं काय? जो जन्मतः पांगळा आहे, जो आजाराने खिळला आहे, जी म्हातारी आता सुईत दोरा ओवू शकत नाही, त्यांच्यावर देवाची मर्जी नाही असं म्हणायचं का? या प्रश्नाने मी पुष्कळ अडतो, आणि त्याचं सगळं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं मात्र नक्की दिसतं की देणगी ही माणसाची किंमत मोजायचं माप नाही. बसालेलाला कौशल्य मिळालं ते त्याला मोठं करायला नव्हे. मंडप सगळ्यांसाठी उभा राहायचा होता, आणि ज्याला खुंटीही ठोकता येत नव्हती त्यालाही त्याची सावली होती. बळकटाच्या बळावर दुबळ्याचा हक्क पोचतो. बळ माझं, मी कमावलेलं, असं म्हटलं की हा हक्क संपतो. ते मिळालेलं आहे असं म्हटलं की तो सुरू होतो. देव न मानणाऱ्या वाचकालाही इथवर माझ्याबरोबर यायला हरकत नसावी. त्याने देवाच्या जागी निसर्ग म्हणावं, पूर्वजांच्या हजारो पिढ्या म्हणावं. देणाऱ्याचं नाव बदललं तरी आपण घेणारे आहोत ही गोष्ट बदलत नाही. मी देव म्हणतो, कारण हात जोडताना समोर कोणीतरी आहे असं मला वाटतं.

या श्रद्धेची परीक्षा देवळात होत नाही, व्यवहारात होते. आपल्या सणांना हे माहीत होतं. बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, वर्षभर जू वाहून सोललेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, आणि पोळ्याच्या दिवशी त्याला कामाला जुंपत नाहीत. बळाची पूजा म्हणजे आधी त्या बळाला विसावा आणि औषध, इतकी ही समजूत सरळ आहे. खंडेनवमीला आणि दसऱ्याला कारखान्यात लेथला झेंडूची माळ पडते, रिक्षाला पडते, शिलाई मशीनला पडते. यंत्राला हळदकुंकू लावणारा मालक त्या यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला हातमोजे देतो का, त्याची मजुरी वेळेवर देतो का, हे दुसऱ्या दिवशी पाहावं. सुताराशी पन्नास रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारे आपण, मंदिराच्या पेटीत शंभराची नोट टाकताना विचार करत नाही. ज्याने सुताराच्या हातात कसब ठेवलं आणि जो त्या मंदिरात उभा आहे तो एकच असेल, तर पहिलं देणं सुताराचं आहे. कसबी माणसावरही बंधन आहेच: बसालेलाला शिकवण्याची बुद्धी मिळाली होती. गुरुकिल्ली हातची राखून ठेवणारे, मरताना विद्या बरोबर नेणारे कारागीर आपल्याकडे पुष्कळ झाले, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी कसबं चितेवर गेली. गरिबीच्या भीतीने त्यांनी तसं केलं हे समजू शकतं. ते बरोबर होतं असं मात्र म्हणवत नाही.

सगळ्यांत जास्त नुकसान मात्र आपल्या घरांत होतं, दहावीच्या निकालानंतर. भारत सरकारने कारागीर प्रशिक्षणाची योजना 1950 मध्येच सुरू केली, आयटीआय गावोगाव निघाल्या, तरी तिथे जाणाऱ्या मुलाविषयी आपण आजही आवाज खाली आणून बोलतो. ज्या मुलाला पंखा उघडून पुन्हा जोडता येतो, ज्या मुलीच्या हातचं बेतलेलं कापड एक सूतही चुकत नाही, त्यांना 'अभ्यासात जरा कमी' एवढंच विशेषण मिळतं. पालकांनो, या जूनमध्ये मार्कांचा कागद बाजूला ठेवून मुलाचे हात काय करतात ते आठवडाभर नीट बघा, आणि ते हात जिकडे ओढ घेत असतील तिकडे त्याला ताठ मानेने पाठवा.